खाणीच्या लॅबमधून औषध कंपनीत: म्हापशातल्या करिअर समुपदेशनाचा माझा अनुभव

करिअर कौन्सेलिंग म्हटलं की आपल्याकडे दहावीचा निकाल आणि सायन्स की कॉमर्स, एवढंच डोळ्यांपुढे येतं. चाळिशीला टेकलेल्या, नोकरी गेलेल्या माणसाला तिथे जा म्हणून कोणी सांगत नाही. म्हणून मुद्दाम लिहितेय, खास करून गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातल्या लोकांसाठी. म्हापशाच्या मार्केटपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर एक बाई हे काम करतात. नाव छापू नकोस असं त्यांनी बजावलंय, ते मी पाळते.

मी बीएस्सी केमिस्ट्री. लग्नाच्या आधीपासून डिचोली तालुक्यात एका खाण कंपनीच्या लॅबमध्ये होते. सुप्रीम कोर्टाने ७ फेब्रुवारी २०१८ ला गोव्यातल्या ८८ खाण-लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, १५ मार्चनंतर खाणी थांबल्या आणि लॅबला कुलूप लागलं. नवऱ्याचा ट्रकही दारात उभा राहिला. पुढची काही वर्षं मी एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काढली. मधे पणजीतल्या एका प्लेसमेंटवाल्याने रजिस्ट्रेशनचे पैसे घेतले, कॉल सेंटरच्या जागा दाखवल्या आणि मग फोन उचलणं बंद केलं.

बाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं: "मी नोकरी लावून देत नाही आणि कंपनीकडून कमिशनही घेत नाही. तू इथे बोलशील ते तुझ्या घरच्यांनाही माझ्याकडून कळणार नाही." मग कोरा कागद पुढे ओढून म्हणाल्या, "सकाळी लॅबचं दार उघडल्यापासून काय काय करायचीस, ते सांग."

मी सांगत गेले. जेटीवरून (खनिज चढवायच्या धक्क्यावरून) लोहखनिजाच्या सॅम्पलची पोती यायची. माल वाळवायचा, दळायचा, त्याचा ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच, हातात मूठभर उरेपर्यंत. मग ॲसिडमध्ये विरघळवून पोटॅशियम डायक्रोमेटने टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब सोडून लोहाचं प्रमाण मोजायचं. हिरवट द्रावण एका थेंबात जांभळं होतं, तो थेंब चुकवायचा नाही. रजिस्टरमध्ये आकडा लिहून सही.

"त्या आकड्यावर काय ठरायचं?"

"जहाजातल्या मालाचा भाव. लोहाचा टक्का थोडा जरी घसरला तरी पैसे कापले जायचे."

"मग हे तुझ्या बायोडेटात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. माझ्या कागदावर 'लॅब असिस्टंट, खाण कंपनी' एवढीच ओळ होती. खाण गेली म्हणजे आपलं शिक्षणही गेलं, असं आमच्या भागात कित्येकांनी मनाशी धरलंय, मीही त्यांतलीच. बाईंनी धंदा आणि काम वेगळं करून दाखवलं. सॅम्पल काढणं, आकड्याची जबाबदारी घेणं, खाडाखोड न करता नोंद ठेवणं, हे सगळं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला (क्यूसीला) लागतंच. वेर्णा, कुंडई, पिळर्णला तसे कारखाने आहेत. मेडिकलमधली वर्षं मला वाया गेल्यासारखी वाटत होती. बाईंनी तीही कामाला लावली: बॅच नंबर, एक्स्पायरी, थंड जागी ठेवायची औषधं, हे मी रोज हाताळतच होते.

काय कमी आहे तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. एचपीएलसी मशीन (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मी कधी चालवलं नव्हतं आणि औषधांच्या कंपनीतली कागदपत्रांची शिस्त माहीत नव्हती. आधी त्यांनी क्यूसीत काम करणाऱ्या एका मुलीशी माझी गाठ घालून दिली, नोकरी मागायला नाही, तिचा दिवस कसा जातो ते विचारायला. त्यानंतरच मी छोटा कोर्स केला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड रिन्यू करायला लावलं, केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नाव घालून घेतलं. इंटरव्ह्यूची तालीमही झाली. '२०१८ नंतर काय केलंत?' या प्रश्नाला मी मान खाली घालायचे. बाई म्हणाल्या, कोर्टाच्या निकालाने लॅब बंद झाली, त्यात तुझा काय दोष? सरळ सांग आणि पुढे मेडिकलचं बोल. तसंच केलं, आणि नोकरी लागली.

मला सगळ्यात मोल वाटतं ते यापुढच्या भागाचं. माझा सुपरवायझर वयाने बराच लहान, पगार सुरुवातीला माझ्यापेक्षा नवख्या मुलांएवढाच. पहिल्या महिन्यात सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा बाईंनी स्वतःहून फोन केला. पुढे रिपोर्ट तपासणाऱ्या टीममध्ये जायचं की मशीनवरच राहायचं, हा पेच आला तेव्हा मी परत त्यांच्याकडे गेले. त्यांनी 'हे कर' म्हटलं नाही. दोन्ही कामांत पाच वर्षांनी माझ्या हातात काय असेल, ते मलाच लिहायला लावलं. बाई सांगतात की हा पेशा सुरू झाला तोच कामकऱ्यांसाठी: १९०८ मध्ये बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी पहिलं केंद्र काढलं ते काम शोधणाऱ्या तरुणांकरता. आपल्याकडे तो शाळेपुरता का उरावा?

आता उणिवा. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी आवडीनुसार माणसांचे सहा प्रकार पाडले, त्यांवरची आवड-चाचणी आणि तिचा रिपोर्ट, दोन्ही इंग्रजीत आहेत. मला जमलं, पण आमच्या गावातल्या अनेकांना ते मराठीत किंवा कोंकणीत हवं. लिफ्ट नाही. आणि नवऱ्याला तिथून फारसं काही मिळालं नाही. अनुभवावर सर्टिफिकेट देणाऱ्या आरपीएल योजनेची माहिती त्यांनी दिली, पण त्याची खरी अडचण ट्रकच्या कर्जाची. "हे माझ्या हातातलं नाही, आधी बँकेत बोला," असं सांगून त्यांनी त्या भेटीची फी घेतली नाही.

माझ्याकडून त्यांनी एका भेटीचे ७०० रुपये घेतले, पहिली भेट फुकट होती. जुनं अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, अनुभवाचं पत्र, जे असेल ते सोबत न्या. फोन करूनच जा, आणि शुक्रवार टाळा, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.