सहा महिने पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर: कळफलक पर्समध्ये

मे महिन्यात माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. भाच्याने ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर एमएक्स लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी संगणक प्रणाली घालून दिली आणि तेव्हापासून मी तीच वापरते आहे. लॅपटॉपमध्ये अजूनही डिस्क नाही.

मी इंदूरला रामबागेत राहते, मराठी मजकूर टंकित करते, प्रुफं तपासते. बसायच्या जागा तीन: घर, आमच्या मंडळाचं कार्यालय आणि कधी भाच्याचा नवा लॅपटॉप. इथे कुठल्याही संगणकावर हिंदीची सोय तयार असते, मराठीची आपण करायची. ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, 'दऱ्या' लिहायला खटपट करावी लागते, आणि दुसऱ्याच्या संगणकात काही बसवायचं तर आधी विचारायला हवं. आता मी ड्राइव्ह लावते, सुरू होताना बूट मेन्यूची, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायची कळ दाबते (घरी एफ१२, मंडळात एफ९), की माझा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) कळफलक, मराठी वळणाचे फाँट आणि लिबरऑफिसमध्ये मी जमवलेले शब्द जसेच्या तसे समोर येतात. शिफ्ट-जे म्हणजे ऱ, शिफ्ट-एन म्हणजे ळ, तिन्ही ठिकाणी. यंदाची गणेशोत्सवाची स्मरणिका मी अशीच पूर्ण केली, आणि या एका सुखासाठी मी ही व्यवस्था कुणालाही सुचवेन.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, कारण मला ती नुकसान होऊन समजली. ड्राइव्हवरची मूळ प्रणाली दाबून भरलेल्या, न बदलणाऱ्या फाइलमध्ये असते. आपले बदल टिकवायचे तर 'पर्सिस्टन्स' चालू करावा लागतो आणि त्याचे प्रकार आहेत. मी निवडला होता त्यात सगळे बदल आधी रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत, राहतात आणि संगणक बंद करताना ड्राइव्हवर उतरतात. काम झपझप होतं, ड्राइव्हही कमी झिजतो. जूनमध्ये वादळात वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच निकामी, आणि संध्याकाळभर टंकलेला अकरा पानांचा लेख गेला. मी तो मध्येमध्ये सेव्ह केला होता, पण सेव्ह रॅममध्येच होत होता! दुसऱ्याच दिवशी थेट ड्राइव्हवर लिहिणारा स्टॅटिक प्रकार घेतला. थोडा हळू आहे, पण रात्री झोप लागते.

हळू किती, ते ड्राइव्हवर ठरतं. जेल रोडवरून आणलेला पहिला स्वस्त ड्राइव्ह वाचायला ठीक होता, पण छोट्या छोट्या फाइली लिहिताना अडकायचा. ब्राउझर मिनिटभर गप्प. ब्राउझरची कॅश (त्याचा तात्पुरता साठा) रॅममध्ये ठेवली तेव्हा निम्मा त्रास गेला, उरलेला चांगला यूएसबी ३ ड्राइव्ह घेतल्यावर. अपडेट साचत जातात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी 'रीमास्टर' करते, म्हणजे सगळे बदल मूळ फाइलमध्ये नव्याने बांधले जातात. तासभर लागतो.

दुसऱ्याच्या संगणकावर मात्र जपून. मंडळातल्या विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडायला लागलं, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहीत होती आणि विंडोज तीच स्थानिक समजत होती. सेटिंग बदलून ते सुटलं. भाच्याच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद केल्यावर विंडोजने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला घातलेल्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली. त्याच्याकडे ती होती. नसती तर त्याच्या फाइली अडकल्या असत्या, तेव्हा त्या सेटिंगला हात लावण्याआधी की कुठे आहे ते विचाराच.

पेन ड्राइव्ह बहुधा न सांगता मरतो. म्हणून लेख रोज रात्री दुसरीकडे उतरवते आणि रीमास्टर झालं की तसाच एक ड्राइव्ह करून कपाटात ठेवते. परवा तिसरा केला, मंडळातल्या काकूंसाठी. त्यांना इनस्क्रिप्ट येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे टंकायचा फोनेटिक हवा होता. तेवढा बदल दोन मिनिटांत झाला.