फौंड्रीच्या रिजेक्शन नोंदीसाठी गूगल शीट: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाच्या ओतकामाची, फौंड्री आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गूगल शीट आणि गूगल फॉर्मवर रिजेक्शनची, म्हणजे दोषामुळे बाद झालेल्या नगांची, रोजची नोंद सुरू केली. त्याआधी एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर होतं. एका हीटमागे (भट्टीत एका वेळी वितळवलेलं मेटल) इतके रकाने, की सुपरवायझर शिफ्ट सुटताना सगळे एकदम भरून मोकळा व्हायचा. आकडे ढीगभर, पण उद्या सकाळी नेमकं काय बदलायचं, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

म्हणून शीट करताना एकच अट घातली. रकाना मागणाऱ्याने आधी सांगायचं: हा आकडा बिघडला तर कोण काय करणार? उत्तर नसेल तर रकाना नाही. बऱ्याच गोष्टी तिथेच गळाल्या. उरलं ते एवढं: हीट नंबर, ओततानाचं तापमान, साच्याच्या वाळूतला ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते ते), पार्ट, रिजेक्ट नग आणि दोषाचा प्रकार. दोष ड्रॉपडाऊनमधूनच निवडायचा. नाहीतर एकच ब्लो होल (वायू अडकून राहिलेली पोकळी) चार जण चार तऱ्हेने लिहितात आणि बेरीज लागत नाही.

यात सगळ्यात मोलाचा हीट नंबर. कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या नगाच्या, आतली पोकळी पुष्कळदा आपल्याकडे दिसतच नाही. गिऱ्हाइकाने मशिनिंगला लावल्यावर उघडी पडते, तीही काही आठवड्यांनी. कास्टिंगवरचा नंबर शीटमध्ये शोधला, की त्या दिवशीचं मेटल आणि वाळू दोन्ही समोर येतात. तो नंबरच नसेल तर बाकीचे आकडे कशाशी जोडणार?

जुलैत या नोंदींनी स्वतःची किंमत दाखवली. ब्लो होल वाढले होते. संशय अर्थातच वाळूतल्या पाण्यावर. पण शीटमध्ये ओलावा नेहमीसारखा, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. रिजेक्शन मात्र सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या पेट्यांत (साच्यांत) जास्त. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा. ते करणाऱ्या कोअर शॉपच्या मिस्त्रींनी यादी बघितली आणि म्हणाले, "सायेब, हे शिळं कोअर हाईत." पडून राहिलेला कोअर आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओल धरतो. त्यावर तापलेलं मेटल पडलं की त्या ओलीची वाफ होते, आणि ती बाहेर निसटू शकली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. त्याच दिवशी 'कोअर केल्याची तारीख' हा रकाना वाढवला. आता जुना कोअर ओव्हनमध्ये सुकवल्याशिवाय पेटीत बसत नाही, आणि पहिल्या पेट्यांचं रिजेक्शन उतरलं आहे.

मोल्डरचं, म्हणजे साचा करणाऱ्याचं, नाव मुद्दाम घेत नाही. नाव लिहायला लागलं की दोष लपायला लागतो, आणि मग सगळी नोंदच खोटी पडते. लाइन नंबर पुरतो. कामगारांचे आधार नंबर, मोबाइल यांचंही इथे काही काम नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर गरज नसलेली अशी माहिती साठवणं म्हणजे जोखीम विकत घेणं.

आता त्रास. फॉर्मला नेट लागतंच. शेडमध्ये रेंज गेली की अडतं. शीटचं ॲप ऑफलाइन चालतं, पण फाइल आधी तशी सेट करून ठेवावी लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: फॉर्ममध्ये आपोआप पडणारी वेळ ही फॉर्म पाठवल्याची असते, तापमान घेतल्याची नव्हे. मागाहून भरलेल्या नोंदीत ती सरळ दिशाभूल करते. आम्ही वाचन घेतल्याची वेळ वेगळी लिहून घेतो. कुणी चुकून एखादी ओळ पुसली तर व्हर्जन हिस्ट्रीतून परत मिळते, हा मोठा आधार. शीटची मर्यादा १ कोटी सेलची आहे. आमच्याएवढ्या फौंड्रीला वर्षानुवर्षं पुरेल.

एक काम अजून अडलंय. गिऱ्हाइकाकडचं मशिनिंग रिजेक्शन व्हॉट्सॲपवर फोटोच्या रूपात येतं आणि ते आम्ही हाताने चढवतो. त्यांच्याच क्वालिटीवाल्यांना हीट नंबर आणि दोष एवढे दोनच रकाने असलेला फॉर्म देऊन बघतोय. दोन कंपन्यांनी भरायला सुरुवात केली आहे.