रोजच्या वापराची छोटी टॉर्च: तीन प्रकारांची तुलना

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा बडोद्याच्या कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. अशा वेळी मोबाइलची बॅटरी नातेवाइकांशी बोलण्यासाठी आणि पाणी कुठवर चढले आहे हे कळण्यासाठी राखून ठेवावी लागते. जिना उतरायला, मीटरपेटीत डोकवायला किंवा अंगणात साप तर नाही ना हे पाहायला हाताशी वेगळी टॉर्चच असावी लागते. ती निवडताना बहुतेक जण प्रकाश किती पडतो एवढेच पाहतात. माझ्या मते आधी तिच्यात सेल कोणता बसतो हे पाहावे आणि मग तिचा सर्वांत मंद प्रकाश किती मंद आहे ते पाहावे. येथे तुलनेला घेतलेल्या तीन टॉर्च या दोन मुद्द्यांवर एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत.

पहिली बाजारात कुठेही मिळणारी, पुढची काच मागे-पुढे सरकवून झोत लहान-मोठा करता येणारी स्वस्त टॉर्च. दुकानात ती फार प्रभावी वाटते, कारण काच पुढे ओढली की समोरच्या भिंतीवर एक लखलखीत चौकोन उमटतो. तो चौकोन म्हणजे आतल्या एलईडी चिपचीच मोठी झालेली प्रतिमा असते, आणि त्या स्थितीत बराचसा प्रकाश काचेपर्यंत न पोहोचता आतच वाया जातो. झोताची कड इतकी धारदार असते की दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावर समोरची भिंत उजळते, पण पायाखालची पायरी काळोखातच राहते. बंद करायला बटण दाबावे तर आधी निम्मा प्रकाश, मग डोळ्यांत खुपणारी उघडझाप, आणि मग कुठे अंधार. आतला लिथियम सेल काढता येत नसल्यामुळे तो थकला की सगळी टॉर्चच टाकून द्यावी लागते. ही मी कोणालाही सुचवणार नाही.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे. चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल१ या मानकानुसार मोजमाप देतात. त्यात चालण्याचा वेळ म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, आणि झोताचे अंतर म्हणजे ज्या टप्प्यावर प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो तेथपर्यंतचे अंतर. म्हणून ‘१३०० ल्युमेन’ (ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) आणि ‘दोन तास’ हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असले, तरी दोन तास १३०० ल्युमेन मिळतील असे नव्हे. एवढ्याशा टॉर्चमध्ये इतका प्रकाश काही मिनिटांत धातू तापवतो, आणि आतले सर्किट तो आपोआप खाली आणते.

दुसरी, ओलाइट कंपनीची आय३टी, एकाच बारीक पेन्सिल सेलवर म्हणजे ट्रिपल-ए सेलवर चालते. तिचे दोनच प्रकाश आहेत, ५ आणि १८० ल्युमेन. आकडे लहान वाटतात, पण रात्री झोपलेल्या माणसांच्या खोलीतून वाट काढायला ५ ल्युमेन पुरेसे होतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत पाहायला १८०. मंद प्रकाशावर ती सोळा तास चालते, असे कंपनी सांगते. बटण शेपटीकडे असल्यामुळे अंधारातही ते अंगठ्याखाली चटकन सापडते. क्लिप दोन्ही दिशांना वळलेली आहे, त्यामुळे ती टोपीच्या कडेला अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. नवरात्रात पहाटेच्या अंधारात पावागड चढणाऱ्यांना याचा फायदा लगेच कळेल.

मात्र तिच्यात कोणता सेल घालता, यावर तिचे आयुष्य अवलंबून आहे. एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि साधा सेल दीडच व्होल्ट देतो. म्हणून आतले सर्किट व्होल्टेज वाढवून घेते आणि सेल अगदी शेवटच्या थेंबापर्यंत शोषून काढते. असा पुरता रिकामा झालेला अल्कलाइन सेल आत पडून राहिला की फुटून गळतो. माझ्या घरच्या एका जुन्या टॉर्चचे झाकण उघडले तेव्हा स्प्रिंगवर पांढरट-हिरवी, भुरभुरीत बुरशीसारखी साय चढलेली होती आणि झाकणाचे आटे जवळजवळ जाम झाले होते. ती साय अल्कधर्मी असते, त्यामुळे कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसल्यास ती सुटते. पण स्प्रिंगवरचा मुलामा गेला तो गेलाच. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल सहसा असे गळत नाहीत. एनेलूपसारखे सेल कपाटात महिनोन्‌महिने ठेवले तरी आपला बराचसा चार्ज टिकवून धरतात. असे चार सेल आणि एक बरा चार्जर हा खर्च टॉर्चइतकाच आवश्यक समजावा. वीज दोन दिवस आली नाही, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला साधा सेलही या टॉर्चमध्ये चालतो, आणि पुराच्या दिवसांत या सोयीला फार मोल असते.

तिसरी वुर्कोस एफसी११, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा १८६५० नावाच्या लिथियम सेलची. ही खिशात जड वाटते, पण घरासाठी मला हीच सर्वांत समाधानकारक वाटली. तिच्या एलईडीचा रंगनिर्देशांक, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप, ९० च्या वर आहे, तर स्वस्त टॉर्चमध्ये तो बहुधा ७० च्या आसपास असतो. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण स्विचबोर्ड उघडल्यावर लाल आणि तपकिरी वायर वेगळ्या ओळखायच्या असतात, किंवा जखमेतले रक्त आणि माती वेगळी दिसायला हवी असते, तेव्हा निळसर प्रकाश दगा देतो. शेपटीत चुंबक असल्यामुळे ती फ्रिजच्या किंवा लोखंडी कपाटाच्या अंगाला चिकटवून छताकडे रोखली की सगळी खोली मऊ उजळते. बंद असताना बटण दाबून धरले की ती अगदी मंद प्रकाशात सुरू होते, आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. यूएसबी-सीने, म्हणजे पॉवर बँकेवरूनही ती चार्ज होते आणि सेल बदलता येतो. उणीव एवढीच की बाजूचे बटण पिशवीत चुकून दाबले जाऊ शकते, आणि लिथियम सेल हाताळायची सवय नसलेल्या माणसाला ही देताना सेल पुरता रिकामा करून तसाच ठेवू नये, एवढे तरी समजावून सांगावे लागते.

एकच घ्यायची असेल आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती जाणार असेल, तर मी आय३टी देईन: बटण एक आणि प्रकाश दोनच. घरात हाताने काम करणारे कोणी असेल, तर एफसी११ मीटरपेटीजवळ लोखंडी चौकटीला चिकटवून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज तपासावा.