मका-चवळी मिश्र चारा आणि रायझोबियमची पुडी: आठ महिन्यांनंतर

मुरबाडकडचं भातखाचर, १० गुंठे. भात निघाल्यावर नोव्हेंबरात एक आणि फेब्रुवारीत एक, असे चाऱ्याचे दोन फेरे झाले. आता जुलैत तिथेच भाताची लावणी झाली आहे. चाऱ्यासाठी पाचपैकी साडेचार. चवळीच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधतात, म्हणून ‘जमिनीला फुकटचं नत्र’ असं जे सांगतात त्याला तीन, तेही हात राखून.

बियाणं: आफ्रिकन टॉल मका ५ किलो, चाऱ्याची चवळी दीड किलो. दोन ओळी मका, एक ओळ चवळी, अंतर एक फूट. फोकून पेरलं तर मका चढतो आणि चवळी सावलीत पिवळी पडते. वाफशावर (जमीन ना चिखल ना कोरडी असताना) नांगरताना २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकायचं. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की मुळांवर गाठी कमी धरतात.

रायझोबियमची पुडी ‘चवळी गटाची’च घ्या. हरभऱ्याचं संवर्धक चवळीला चालत नाही. २५० ग्रॅम १० किलो बियाण्याला पुरतं, म्हणजे इथे ४० ग्रॅम बस्स. गुळाच्या गार पाण्याने बी ओलसर करून पावडर चोळायची, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. उरलेली पुडी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. एप्रिलात तिथे माणूस टिकत नाही, जिवाणू काय टिकणार.

पहिल्या फेऱ्यात फसलं ते युरियात. मक्यासाठी सगळ्या रानात युरिया फेकला. महिन्याने चवळीचं रोप कुदळीने मातीसकट काढलं (उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात), बादलीत धुतलं, तर गाठी मोजक्या, मोहरीएवढ्या. नखाने फोडल्या तर आत पांढऱ्या. आयतं नत्र मिळालं की चवळी गाठींवर खर्च करत नाही. दुसऱ्या वेळी युरिया फक्त मक्याच्या ओळीलगत, चवळीपासून लांब दिला. तेव्हा गाठी टपोऱ्या आणि आत गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू.

कापणी ६० दिवसांच्या आसपास, मका तुऱ्यावर आणि चवळी फुलावर असताना. ओली चवळी एकटी घालू नका, पोटफुगी होते. पेंढ्यात कालवून द्या. मावा आला तर शेंड्यांवर निंबोळी अर्क, मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या सुरळीत) लष्करी अळी मात्र रोज बघावी लागते.

आता नत्राचं. चवळी जिवंत असताना मक्याला फार थोडं देते. मुळं, गाठी, गळालेली पानं कुजली की मिळतं. आणि सगळा पाला कापून गोठ्यात नेला तर बहुतेक नत्रही गोठ्यातच गेलं. म्हणून चवळी विळ्याने कापा, मुळं रानातच राहू द्या, आणि शेण परत खाचरात आणा. गोमूत्रात नत्र भरपूर असतं, तेव्हा गोठ्यात पेंढा अंथरून ते मुरवा. फरशीवरून नाल्यात गेलं तर या सगळ्या खटाटोपातून जमिनीला मिळालं ते फक्त धसकट.