रिटायरमेंटनंतर पेटी शिकायचा विचार असेल तर: फोंड्यातल्या एका क्लासबद्दल

गोव्यात फोंड्यात एक सर आहेत, ते सकाळी दहा ते साडेअकरा फक्त साठीच्या पुढच्यांना पेटी म्हणजे हार्मोनियम शिकवतात. आठवड्यातून तीन दिवस. नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, कारण आहेत तेवढ्यांनाच जागा पुरत नाही, पण फोंड्यात चार भजनवाल्यांना विचारलंत तर कळेलच. मला हा क्लास इतका आवडलाय की बऱ्या-वाइटासकट सगळं सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी थोडं बाकीच्या गोष्टींबद्दल. रिटायर झाल्यावर काय करणार हे मला सगळ्यांनी विचारलं आणि उत्तरंही त्यांनीच दिली, नातवंडं सांभाळ, देवदर्शन कर, योगा कर, ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपबरोबर सहलीला जा. वाईट काहीच नाही यात. सकाळचं चालणं मी अजून करते, सहलीलाही जाते. पण सहल संपली की संपली, पुढच्या सहलीपर्यंत तिचं काही काम नाही. नोकरीत असताना रोज फोंडा-पणजी बसने जा-ये, घरी आलं की स्वयंपाक, त्यात मला खरी सवय लागली होती ती उद्या काहीतरी करायचंय या जाणिवेची, आणि तीच एकदम गेली. मला असं काहीतरी हवं होतं जे आज अर्धवट राहील आणि उद्या पुन्हा बसावं लागेल. पेटीने ते दिलं.

आता क्लास. एका बॅचला आठजण. निम्म्याहून जास्त बायका, दोघे निवृत्त शिक्षक, एक काका पूर्वी देवळात भजनाला झांज धरायचे ते. सर आमच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, सगळ्यांना काका, काकी म्हणतात, आम्ही त्यांना सर. बोलणं अर्धं मराठी अर्धं कोंकणी. पण वयाचं कौतुक एकदाही नाही. या वयातही शिकताय, वा, वगैरे ऐकायची आपल्याला सवय झालेली असते आणि ते ऐकून बरंही वाटतं, पण शिकणं तिथेच थांबतं. इथे चुकीचं वाजलं तर चुकीचंच म्हणतात आणि परत वाजवायला लावतात, सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे. सवकास काकी, सवकास, एवढंच. मला हीच या क्लासची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपल्याला कुणीतरी खरा विद्यार्थी मानतंय.

शिकवायची पद्धत सांगते कारण ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटली. बहुतेक ठिकाणी पांढरी एक, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून सा रे ग म सुरू करतात. हे सर काळी तीन, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरतात आणि थेट भूप राग. भूपात मध्यम आणि निषाद नाही, सा रे ग प ध हे पाचच सूर, आणि काळी तीन पासून धरलं की हे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात, एकही पांढरी लागत नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, सुट्या असतात, बोटाला न बघता सापडतात. ज्यांची नजर कमी झालीय किंवा बोटं थोडी आखडलीत त्यांना याचा किती फायदा होतो ते मी शेजारच्या काकींकडे बघून सांगते, त्या पहिल्याच दिवशी आरोह-अवरोह वाजवून घरी गेल्या. तर्जनी, मधलं, अनामिका, मग हात किंचित सरकवून पुन्हा तर्जनी, मधलं. हे हातात बसलं की सर सा उचलून काळी एक वर नेतात. आता गंधार पांढऱ्या पट्टीवर येतो आणि तिथे अंगठा बोटांच्या खालून सरकवत आणावा लागतो. राग तोच, सूर तेच, फक्त हाताला नवीन काम. मग आपल्याला आपोआप कळतं की सा कुठेही धरता येतो, थिअरी सांगायची गरजच पडत नाही.

आणि भाता, म्हणजे डाव्या हाताने हवा भरायचा मागचा पंखा. सगळ्यांना वाटतं पेटी म्हणजे उजवा हात, पण पहिले बरेच दिवस आमच्या डाव्या हातावरच मेहनत झाली. प्रत्येक सुराला भाता मारला की आवाज हेलकावे खातो, म्हणून हवा भरून ठेवायची आणि तिला हळूहळू सोडायचं. सर एकच पट्टी दाबून ठेवायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. सूर सरळ रेषेत राहिला पाहिजे, मधे फुगला नाही पाहिजे. ऐकायला सोपं आहे, करून बघा.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं ऐकायची. मोबाइलला स्पीकर जोडून सर काहीतरी लावतात आणि आधी दोन वाक्यं सांगतात. आपल्या तालुक्यात राहून मला कितीतरी गोष्टी माहीत नव्हत्या. गायिका केसरबाई केरकर इथल्याच केरीच्या, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली तिच्यात त्यांचा आवाज आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. पेटीवादक पंडित तुळशीदास बोरकर हे नाव ऐकून होते, पण ते बोरीचे, जन्म १९३४ चा, आणि पेटी साथीला वाजवायची तशी एकट्याने सोलोही वाजवता येते हे त्यांच्या रेकॉर्डिंगवरून समजलं. पेटीवर आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षं बंदी घातली होती हेही इथेच ऐकलं. दोन सुरांच्या मधल्या श्रुती आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीत निघत नाही म्हणून. त्या दिवशी आमच्यात चांगलीच चर्चा झाली, निवृत्त शिक्षक बंदीच्या बाजूने आणि आमचे झांजवाले काका एकदम विरुद्ध, भजन पेटीशिवाय होतं काय म्हणून. गोव्यात तरी नाहीच होत, मी काकांच्या बाजूची.

आता कमतरता. क्लास पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी एकदा जाऊन जिना बघून या. खाली मांडी घालून बसायचं, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खुर्ची-टेबल आहे पण दोनच. क्लासच्या पेट्यांपैकी दोन जुन्या आहेत, भाता गळतो, उशिरा आलं की त्याच वाट्याला येतात आणि त्यांच्यावर तो सरळ सूर काढणं म्हणजे शिक्षाच. सरांनी त्या दुरुस्त करून घ्यायलाच हव्यात, फी घेतात तर एवढं तरी व्हायला पाहिजे. दुसरं म्हणजे सरांकडे शिकणाऱ्या मुलांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा जवळ आल्या की आमची बॅच कधी अर्ध्या तासावर येते, कधी रद्दच, आणि मेसेज येतो सकाळी नऊला. आम्ही लांबून येणारे तोपर्यंत बसमध्ये बसलेले असतो. रिटायर माणसाला वेळच वेळ असतो असं सगळ्यांना वाटतं, सरांनाही थोडं वाटत असावं. एरवी इतका विचार करणाऱ्या माणसाकडून हे बरोबर वाटत नाही, मी त्यांना तोंडावरही सांगितलंय.

फी महिन्याला ८०० रुपये, माझ्या मते योग्य.

पेटी लगेच घ्यायची का हे सगळे विचारतात. सर स्वतःच नको म्हणतात, दोन-तीन महिने क्लासच्या पेटीवर काढा, घरी कुणाची पडून असेल ती आणा. गोव्यात अर्ध्या घरांत माळ्यावर एक पेटी असतेच. घ्यायचीच झाली तर डबल सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेली साधी पेटी पुरे, पट्ट्या सरकवून सा बदलता येणारा स्केल चेंजर जड असतो, महागही, आणि आपल्याला तो उचलून देवळात न्यायचा तर दोन माणसं लागतात. पट्टी न दाबता भाता भरून बघायचा, हवा लगेच जात असेल तर घेऊ नका. आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचं लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आतल्या चामड्याला झुरळं लागतात. वापरात असलेली पेटी बरी राहते, बंद ठेवलेली बिघडते. मी ती भिंतीपासून लांब, जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवते आणि वर सुती कापड, प्लॅस्टिक नाही कारण आत ओल धरते.

परीक्षा द्यायच्या का, तर सरांची सक्ती नाही. आमच्यातले शिक्षक प्रारंभिक या गांधर्वच्या पहिल्या परीक्षेची तयारी करतायत आणि दहा वर्षांच्या मुलांबरोबर बसायला त्यांना काही वाटत नाही. मला परीक्षा नकोय, आयुष्यभर दिल्या. मला भजनाला साथ करायची होती. गेल्या चतुर्थीला आमच्या वाड्यावर घुमट आरतीच्या (घुमट आणि शामेळ ही आपली तालवाद्यं घेऊन म्हणतात ती) वेळी नेहमीचा पेटीवाला दुसऱ्या घरी अडकला होता, मी बसले. आरत्या भराभर बदलत होत्या, घुमट आणि शामेळवाली पोरं लय वाढवत नेत होती आणि मी फक्त सा धरून मुखड्यापुरती बोटं चालवत होते, पण शेवटपर्यंत सुटले नाही. पुतण्या म्हणाला, काकी, पुढच्या घरी पण चल. गेले, रात्री दीडपर्यंत. इतकी वर्षं चतुर्थीला मी आतल्या खोलीत निवऱ्या तळत बसायचे आणि आरती बाहेरून ऐकू यायची. आता आम्ही क्लासमधल्या चौघीजणी मिळून महिलांचं भजनी पथक उभं करतोय, कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा वेगळा गट असतो तिथे उतरायचा विचार आहे, पखवाज वाजवणारी अजून मिळत नाहीये, कुणाच्या ओळखीत फोंडा, म्हार्दोळ, बांदोडा भागात कुणी असेल तर जरूर कळवा.

नवीन बॅच चतुर्थीनंतर सुरू होते. मधेच घेत नाहीत. जाताना सोबत वही न्या आणि नखं कापून जा, नाहीतर पहिल्याच दिवशी परत पाठवतात.