फोटोग्राफी टूर की स्वतः ठरवलेली जिप्सी? नागपूरकराचा हिशेब

जाहिरात साधारण एकाच साच्याची असते: ताडोबा, 3 रात्री, 6 सफारी, सोबत अनुभवी वन्यजीव छायाचित्रकार. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्यात गाडी, मुक्काम, परवाने सगळं एकदम मिळतं, त्याने फार डोकं चालवायची गरज नाही. नागपूरकराचं गणित निराळं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घरापासून दीड तासावर, पेंचचं सिल्लारी गेट साधारण 70 किलोमीटरवर, बोर व्याघ्र प्रकल्पही जवळपास तेवढाच. नुसता वाघ बघायला त्याला मध्ये कोणी लागत नाही. टूरवाल्याकडून घेण्यासारख्या गोष्टी दोनच: जिप्सीतली, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीतली, मोकळी जागा आणि चूक तिथल्या तिथे दाखवणारा माणूस.

आधी जागेचं बघू. जिप्सीत ड्रायव्हर आणि गाईड सोडून सहा पर्यटक बसतात, तिघांच्या दोन रांगा. मधल्या सीटवरून कॅमेरा चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या कानाजवळून नेम धरणं. वाघ डावीकडे निघाला की उजवीकडचे उभे राहतात, गाडी हलते आणि 600 मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्सवर ती हालचाल थेट फोटोत उतरते. तिघे असले तर प्रत्येकाला निदान एक बाजू मोकळी मिळते, बॅग ठेवायला सीट उरते. चौघे चालतील. पाच-सहा जण बसवणारी टूर ही नावाचीच फोटोग्राफी टूर, मग पैसे कितीही कमी असोत. जिप्सीचा खर्च तिघांत वाटला की सहांच्या दुप्पट पडतो, म्हणून दोन टूरची तुलना माणशी दराने करू नका. एका जिप्सीत किती जण ते विचारा आणि मग दर बघा.

आता शिकवणारा माणूस. इथे नवखा हमखास फसतो. समजा बारा जण आहेत, चार जिप्सी आहेत आणि मार्गदर्शक एक. सहा सफारींत तो तुमच्या गाडीत एकदा, फार तर दोनदा येणार. बाकी वेळ तुम्ही आणि गेटवर पाळीने मिळालेला गावातला गाईड. हा गाईड तर स्वतः गेलात तरी सक्तीने सोबत असतोच! तेव्हा ‘तज्ज्ञ सोबत’ म्हणजे किती सफारींत सोबत, ते लेखी घ्या. दुसरा प्रश्न दुपारचा. सकाळची सफारी संपून दुपारची सुरू होईपर्यंत तीन-चार तास हाताशी असतात. त्या वेळात लॅपटॉपवर प्रत्येकाचे फोटो उघडून चर्चा होते का? होत असेल, तर टूरचे अर्धे पैसे तिथेच वसूल. जेवण आणि झोप एवढाच कार्यक्रम असेल तर तो घरीही जमतो.

स्वतः जाण्यातला खरा फायदा आठवड्याच्या मधल्या दिवसांचा. ताडोब्यात शनिवार-रविवारचा दर चढा असतो आणि गर्दीही तेव्हाच. बुधवार-गुरुवारची एकच सकाळ उमरेडला घ्यायची, हिवाळ्यात साडेचारला निघायचं, दुपारी परत. (तर्री-पोहे परतताना खा. चार तास जिप्सीतून मनासारखं उतरता येत नाही.) असे चार फेरे वर्षभरात वेगवेगळ्या ऋतूंत केले, तर सलग तीन दिवसांच्या टूरपेक्षा हातात जास्त विविधता येते: जानेवारीतलं धुकं, फेब्रुवारी-मार्चचा पळस, मे महिन्यातलं पाणवठ्यावरचं थांबणं. तोटा एवढाच की तीन समविचारी माणसं तुम्हालाच जमवावी लागतात. त्यातला एक जरी ‘वाघ कुठाय, चला पुढे’ म्हणणारा निघाला की बसली सफारी. गाईडला गेटवरच सांगा, पळापळ नको, पाणवठ्यावर तास-दीड तास थांबलो तरी चालेल. हे ऐकून बहुतेक गाईड खूश होतात.

मात्र जवळ न्या म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. 2024 च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या गोठणगाव भागात वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट जिप्सींनी अडवली, त्याची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ‘क्लोज-अपची खात्री’ देणारी टूर याच कारणाने टाळावी.

जंगल निवडताना ताडोबा अजूनही पुढे. तिथला वाघ बऱ्याचदा रस्त्यानेच चालत येतो, पंधरा-वीस मीटरवर. म्हणूनच तिथे 600 मिमीची फिक्स (झूम न होणारी) लेन्स गैरसोयीची ठरते, फक्त डोकं मावतं. 100-400 किंवा 150-600 मिमीची झूम बरी. पेंचचं सागवान मार्चनंतर विरळ होतं, नजर लांब जाते. नागझिरा दाट, प्रकाश कमी, पण रानकुत्री आणि पक्षी यांच्यासाठी चांगलं. ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंदच. त्यामुळे सहा सफारींपैकी कोअरच्या किती, बफरच्या (भोवतीच्या पट्ट्यातल्या) किती हे टूरवाल्याला तारखेनिशी विचारा. बफर वाईट नाही, पण कोअरच्या भावात घेऊ नका.

टूर असो की स्वतःची सफारी, घडणाऱ्या चुका मात्र सारख्याच. हिवाळ्यात सकाळी पावणेसातला झाडीत उजेड इतका कमी असतो की ISO (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 3200-6400 शिवाय गत्यंतर नाही. ISO वाढवायला घाबरून शटरचा वेग 1/200 सेकंदावर ठेवला की चालता वाघ फोटोत हलतो. चालत्या वाघाला 1/1000, बसलेल्याला 1/250 पुरे. सावलीच्या काळोखात कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं आणि गालावरचा पांढरा भाग जळतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -0.7 वर, म्हणजे फोटो किंचित काळसर. बांबूआडून फोकस गवतावर जातो, तिथे सिंगल पॉइंट (एकाच बिंदूवरचा) फोकस लावा. इंजिन चालू असताना बीनबॅगवर (लेन्सखाली ठेवायच्या दाणे भरलेल्या पिशवीवर) टेकवलेली लेन्स थरथरते, म्हणून ‘गाडी बंद करा’ हे वाक्य पहिलं. ट्रायपॉड घरी ठेवा, जिप्सीत तो उघडतच नाही. बीनबॅग रिकामी न्या, गावात दोन किलो तांदूळ भरा. पुढच्या गाडीची धूळ हे विदर्भातलं सगळ्यात मोठं दुखणं: जंगलात लेन्स बदलू नका, कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा टाका. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोनवरून कॅमेरा चालवायची सवय असेल तर ती आधी सोडा.

कॅमेरा नवा असेल, मॅन्युअल मोडवर हात बसला नसेल, तर जिप्सीत तिघे आणि निम्म्या सफारींत मार्गदर्शक देणारी दोन रात्रींची टूर एकदा घ्या. हात बसलेला असेल तर तेच पैसे आठवड्याच्या मधल्या सफारींत घाला. भारी लेन्स आधी एक दिवस भाड्याने घेऊन महाराजबागेत किंवा अंबाझरीच्या काठावर उडत्या बगळ्यांवर चालवून बघा. उडता बगळा फोकसमध्ये धरता आला तर चालता वाघ सोपा जातो.

पैसे भरण्याआधी आणखी एक. परवाना तुमच्या नावावर आणि ओळखपत्राच्या क्रमांकावर निघतो. ऐनवेळी मित्राला पाठवता येईलच असं धरू नका. टूर रद्द झाल्यास परवान्याचे पैसे सहसा बुडीत जातात, ते कोणी सोसायचे हे आधीच ठरवून घ्या. आणि गेटवर मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स नव्हे.