बुटांचे आठ महिने: राखेचा दगड, लाव्हा आणि वाळवंटातल्या नाळी

आधी या ट्रेकिंग बुटांचा निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. पाचपैकी साडेतीन. पकडीला पूर्ण गुण, टिकाऊपणाला जेमतेम पास, आणि ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दासाठी जे जास्तीचे पैसे मोजले त्याला भोपळा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच बांधणीचे बूट तीन-चार कंपन्या बनवतात आणि माझी तक्रार बरीचशी या बांधणीबद्दलच आहे. घोट्याच्या वर येणारी उंची, बाहेरून सुएड म्हणजे मऊ लवीचं चामडं आणि मध्ये मध्ये जाळीचं कापड, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, पुढे चवड्यावर रबराची टोपी, आणि खोल खाचांचा मऊसर तळ. १७० डॉलर. मेम्ब्रेन नसलेला, बाकी हुबेहूब तसाच जोड शेजारच्या खोक्यात २५ डॉलरने स्वस्त होता. दुकानातल्या मुलाने विचारलं, “पाऊस लागला तर?” मी नाशिकची. पाऊस म्हटलं की आमचा विवेक संपतो. महागाचा घेतला.

मी राहते लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. मोहावे वाळवंट तिथून फार लांब नाही. ऑक्टोबर ते मे या काळात बूट एकोणीस दिवस वापरले, चाल दोनशे किलोमीटरच्या आसपास. ऑफिस, मॉल, विमानतळ यातलं काही त्यात धरलेलं नाही. सगळं वाळवंट.

पहिली परीक्षा नोव्हेंबरात, आंबॉय क्रेटरला. जुन्या रूट ६६ या महामार्गाच्या कडेला लाव्हाच्या काळ्या पठारातून वर आलेला हा राखेचा शंकू. उंची अवघी अडीचशे फूट. आपल्याकडच्या गडांसमोर टेकाडच म्हणायचं. पण त्याच्या पायथ्याला पोचायला लाव्हा तुडवत जावं लागतं आणि बुटांची वाट तिथे लागते. दगड आपलाच, बेसॉल्ट. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाटतं, हा तर ओळखीचा. पण आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. त्यातले वायूचे फुगे मागाहून स्फटिकांनी भरून निघालेत. वाघोलीच्या खाणीतला तो निळाजांभळा कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांमधला. आंबॉयचा लाव्हा त्या मानाने काल-परवाचा. त्यातले फुगे अजून रिकामे आहेत, फुटून उघडे पडलेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या आहेत. चार तास चालून गाडीशी आल्यावर बूट उलटा करून पाहिला, तर खाचांच्या कडा किसणीवर घासल्यासारख्या. नव्या कोऱ्या बुटांच्या! वर चढताना पायाखालची राख सरकते, एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे, आपला घसाराच. पण घसाऱ्यावर पडलं तर आपल्याकडे खरचटतं. इथे तळहात सोलून निघतो. माझा निघाला. तेव्हापासून बागकामाचे स्वस्तातले हातमोजे पिशवीत असतात.

मऊ तळ झिजतो म्हणून कडक घ्यावा का? हाच विचार करत होते, तेवढ्यात डिसेंबर आला आणि डिसेंबरात बाबा आले.

बाबा अडुसष्ट वर्षांचे. सामानात मेथीचे लाडू, गोडा मसाला आणि त्यांचे ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज. सह्याद्रीतल्या भटक्यांना या बुटांबद्दल मी काय सांगणार! माझे स्वतःचेही पाय त्याच बुटांत तयार झाले. मी त्यांना माझा नवा जोड दाखवला. त्यांनी तळ अंगठ्याने दाबून पाहिला, भाजीवाल्याकडे वांगं दाबतात तसा, आणि एवढंच म्हणाले, “तळ बरा आहे. वरचा थाट कशाला?”

त्यांना घेऊन मोहावे नॅशनल प्रिझर्व्हमधल्या होल-इन-द-वॉलला गेलो. तिथला रिंग्ज लूप म्हणजे दीड मैलाचा फेरा. जेवणाच्या सुट्टीत उरकेल असा वाटतो, पण आम्ही साडेतीन तास घालवले. सुमारे १ कोटी ८५ लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटले. आपल्यासारखा पातळ लाव्हा शांतपणे पसरला नाही, तर तापलेली राख आणि दगडगोटे स्फोटाने उडून थरावर थर बसले. तो थर असमान थंड झाला, आत वायू अडकले, पोकळ्या राहिल्या. मग वारा आणि पाऊस यांनी त्या कोरून मोठ्या केल्या. परिणाम असा की अख्खी भिंत भोकाभोकांची. काही भोकांत मूठ मावते, काहींत माणूस बसतो. बाबांना निघोजचे रांजणखळगे आठवले. मी म्हटलं ते पाण्याने केलेले आणि नदीच्या तळाला, हे उभ्या भिंतीत. ते म्हणाले, “दगडाला कुणी पोखरलं यानं बघणाऱ्याला काय फरक पडतो?” मला पडतो, पण वाद घातला नाही.

वाटेत खडकावरची जुनी कोरीव चित्रं लागतात, मग टेकडीला वळसा घालून वाट बॅन्शी कॅन्यनमध्ये शिरते. बॅन्शी म्हणजे आयरिश गोष्टींतली आक्रोश करणारी बाई. आम्ही त्या जागेला ‘हडळीची नाळ’ असं नाव देऊन टाकलं. नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, चिंचोळी होत जाते आणि मग समोर कातळटप्पा. तो चढायला दगडात लोखंडी कड्या ठोकल्या आहेत, असे दोन टप्पे. कड्या खुंट्यांमध्ये सैल अडकवलेल्या, हात घातला की फिरतात आणि दगडावर खण् करून आपटतात. सकाळी नऊला लोखंड इतकं गार होतं की हातमोज्यातूनही झोंबलं. कडीत पाय घालायचा मोह होतो, पण ती फिरते. त्यापेक्षा पाय दगडावर सपाट टेकवायचा आणि कडी फक्त हातासाठी ठेवायची. हरिहर गडाच्या पायऱ्यांच्या कडेला हात धरायला खोबण्या आहेत ना, त्यांचं काम इथे कड्या करतात. दृष्टिभय मात्र हरिहरच्या पासंगालाही पुरणार नाही.

इथे या बुटांनी मन जिंकलं. राखेचा हा दगड खरखरीत असतो, आणि मऊ रबर त्यावर पाल भिंतीला चिकटावी तसं बसतं. दुसऱ्या टप्प्यावर एका जागी फक्त चवड्याची कड टेकेल एवढीच जागा होती. पूर्ण वजन टाकलं, पाय हलला नाही. झिजेबद्दलचा राग तिथे निम्मा उतरला. कडक तळ झिजला नसता, पण टेकलाही नसता. बाबा माझ्या मागून त्यांच्या जुन्या ॲक्शनवर आले. बोलत बोलत.

वर पोचल्यावर जरा फाजील आत्मविश्वासाने मी फोटोसाठी वाट सोडून चार पावलं बाजूला गेले आणि चोयाच्या एका तुकड्यावर पाय घातला. चोया हे वाळवंटातलं निवडुंग, सांध्यासांध्यांनी बनलेलं. सांधा नुसत्या स्पर्शाने तुटून येतो आणि काटे उलट्या खाचांचे असल्यामुळे ओढावे तेवढे रुततात. सुएडवर असता तर चाललं असतं. तो बसला नेमका जाळीच्या कापडावर, करंगळीच्या बाजूला. जाळी, मेम्ब्रेन, मोजा, सगळं पार करून काटे आत. हाताने काढायला गेलात तर तो हाताला चिकटतो. यावरचा उपाय साधा आहे. केसांची फणी सांध्याखाली घालायची आणि झटक्यात उडवायचं, जवळ कुणी उभं नाही ना ते बघून. ही फणी एका डॉलरची आणि गेल्या आठ महिन्यांतली माझी सगळ्यात वसूल खरेदी. १७० डॉलरच्या बुटांतल्या मेम्ब्रेनला मात्र त्या दिवशी सात भोकं पडली.

जानेवारीत डेथ व्हॅलीला गेलो. युबेहेबे क्रेटर म्हणजे जमिनीखालचं पाणी आणि वर येणारा शिलारस भेटून वाफेच्या स्फोटाने पडलेला खड्डा. सुमारे २१०० वर्षांपूर्वीचा, अर्धा मैल रुंद, सहाशे फूट खोल. तळाशी उतरायला दहा मिनिटं. वर यायला आम्हाला पाऊण तास लागला आणि नवरा त्यात माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. उंच बुटांचा फायदा मला फक्त इथे जाणवला. त्याच्या बुटक्या बुटांत वाटीभर खडी निघाली, माझ्यात चमचाभर. पण मग कळलं की दहा-पंधरा डॉलरचे कापडी गेटर, म्हणजे घोट्याभोवती बुटाचं तोंड झाकणाऱ्या पट्ट्या, लावले की बुटक्या बुटांतही तेवढीच खडी जाते. म्हणजे उंचीचे पैसेही वाया. याच डेथ व्हॅलीत १९१३ च्या जुलैत ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. जानेवारीत तसलं काही नसतं, स्वेटर लागतो. तरीही दुपारी मोजे काढले तेव्हा ते पिळता आले असते. पाऊस नव्हता, ओढा नव्हता. तो घाम होता. मेम्ब्रेन बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतलंही धड बाहेर सोडत नाही. पाय कुकरमध्ये ठेवल्यासारखे. दोन फोड, एक काळं नख.

मार्च-एप्रिलमध्ये आठ दिवसांची रजा काढून ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको केलं. पेजजवळचं अँटिलोप कॅन्यन ज्वालामुखीचं नाही, वालुकाश्म आहे. तिथल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये इथे अकरा पर्यटक बुडाले. घळीत पाऊस जवळपास नव्हताच, तो वर काही मैलांवर पडला आणि पाणी चिंचोळ्या फटीतून भिंतीसारखं आलं. आम्ही उतरलो तिथल्या शिड्या आता लोखंडी आणि दगडात पक्क्या बसवलेल्या आहेत. शिडीवर उभं राहून वर पाहिलं, तर आभाळाची पट्टी माझ्या तळहाताएवढी. वरचं काहीच दिसत नाही. आणि तिथेच मला त्या दुकानातल्या मुलाचा प्रश्न आठवला. पाऊस लागला तर? अशा नाळेत पाणी असेल तर आपण तिथे असताच कामा नये, आणि नसेल तर वॉटरप्रूफ बूट करणार काय? आपल्या सह्याद्रीतल्या सांदण दरीत पाणी असतं हे मान्य. पण तिथेही ते मांडीला लागतं, घोट्याच्या वरच्या बुटात वरूनच शिरतं आणि मेम्ब्रेनमुळे बाहेर पडत नाही.

शेवटी न्यू मेक्सिकोतलं काशा-काटुवे टेंट रॉक्स. त्यासाठीच एवढ्या लांब गेलो होतो. २०२० पासून बंद होतं, २०२४ च्या नोव्हेंबरात उघडलं. कोचिटी प्युब्लोच्या आदिवासी भूमीतून जावं लागतं, आधी वेळ राखून ठेवावी लागते. हेमेझच्या ज्वालामुखींनी ६०-७० लाख वर्षांपूर्वी टाकलेली राख आणि प्युमिस म्हणजे फुग्याफुग्यांचा हलका दगड, त्यातून झिजून उरलेले तंबूच्या आकाराचे सुळके. काहींच्या डोक्यावर अजून एक कठीण दगड टोपीसारखा बसलेला. तो आहे तोवर खालची माती टिकते, पडला की सुळका विरघळायला लागतो. सुळक्यांआधी नाळ लागते. भिंती फिक्या, दुधात केशर कमी पडल्यासारख्या रंगाच्या. एका जागी तळ इतका अरुंद की पावलापुढे पाऊल ठेवावं लागतं आणि माझ्या बुटांचा रुंद पंजा दोन्हीकडे घासत होता. भिंतीला हात लावला तर बोटांना पावडर. सातवीतल्या फळ्याची आठवण झाली.

पकड इथे पहिल्यांदा फसली. सुट्ट्या दगडावर नाही, पक्क्यावरच. प्युमिसचे बारीक कण घट्ट खडकावर पसरलेले असतात, फरशीवर रवा सांडावा तसे. उतरताना दोनदा बसले. यात बुटांचा दोष नाही. छोटी पावलं, टाच नाही तर पूर्ण तळवा, आणि गर्व गाडीत ठेवून या.

परत आल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात डाव्या बुटाची चवड्यावरची रबराची टोपी सुटली. तळाचा पुढचा भागही तोंड उघडून बसला, मगरीसारखा. बूट गाडीच्या डिकीत राहिले होते हे कबूल करते. वाळवंटी उन्हात बंद डिकी म्हणजे भट्टी, आणि हे तळ शिवलेले नसतात, नुसते चिकटवलेले असतात. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ही ‘सामान्य झीज’ आहे. दोनशे किलोमीटरला? बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी पाय वर करून त्यांचा ॲक्शन दाखवला. बोलले काहीच नाही, त्याचा जास्त राग आला.

घेणाऱ्यांसाठी माझं मत: हाच तळ, पण बिनामेम्ब्रेनचा, घोट्याखालचा, जाळी कमीत कमी असलेला जोड घ्या आणि अर्धा नंबर मोठा घ्या, कारण दुपारी पाय सुजतात. वाचलेल्या पैशांत गेटर, हातमोजे आणि फणी. फक्त लाव्हाच तुडवायचा असेल तर कडक तळाचा विचार करा. आणि बूट घरात ठेवा.

डावा बूट सध्या स्वयंपाकघरात आहे. सुटलेल्या जागेतून वाळू दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली, तीन ठिकाणची तीन रंगांची निघाली. रबराची चिकटवण लावून, वर पोळपाट आणि त्यावर वीस पौंडांची तांदळाची पिशवी ठेवली आहे. नवरा विचारतोय, भात लावायचा का नाही.